मन्स्टरची गादी आणि तिचा वारस

‘क्रुसेडर किंग्ज’ हा संगणकीय खेळ प्रथमच उघडून बसणाऱ्या मनुष्याची दृष्टी नकाशावर जाते, आणि तिथेच त्याच्या हातून पहिला प्रमाद घडतो. आइसलँडपासून पूर्वेकडे दूरवर पसरलेला तो विस्तीर्ण प्रदेश, त्यावर नाना रंगांनी आखलेल्या लहानमोठ्या दौलती, आणि त्या दौलतींच्या सरहद्दींवर वीतभर मुलखासाठी एकमेकांवर चालून जाणारे राजे पाहिले, की हा बुद्धिबळाचाच एखादा मोठा प्रकार असावा, येथे शेजाऱ्याचा मुलूख जिंकावा, जिंकलेल्याच्या जोरावर त्यापुढचा जिंकावा आणि अखेर सारा पट एका रंगाचा करावा, असा त्याचा सहजच ग्रह होतो. माझाही तसाच झाला होता. या ग्रहापायी पुष्कळ नवखे खेळाडू दोनचार दिवस हैराण होऊन खेळ सोडून देतात. मला त्याचे मनापासून वाईट वाटते. कारण मध्ययुगातील राजसत्ता आतून कशी होती, ती कोणत्या धाग्यांनी बांधलेली होती आणि कोणत्या क्षणी उसवत असे, हे इतक्या प्रत्यक्षपणे दाखवणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

स्वीडनमधील स्टॉकहोम येथल्या पॅराडॉक्स या संस्थेने या मालिकेचा पहिला खेळ २००४ साली काढला. दुसरा २०१२ मध्ये आला आणि सध्या खेळला जाणारा तिसरा सप्टेंबर २०२० मध्ये. या तिसऱ्या खेळात आरंभासाठी इसवी सन ८६७ आणि १०६६ ही दोन वर्षे मूळची, आणि ११७८ हे २०२४ साली जोडलेले. शेवट मात्र ठरलेला आहे: १४५३, म्हणजे ज्या वर्षी कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडले ते वर्ष. या शतकांत अमुक इतका मुलूख मिळवला म्हणजे जिंकलात, असा निवाडा खेळ कधीही देत नाही. हरण्याची मुख्य अट मात्र स्पष्ट आहे. आपण ज्या पुरुषाच्या वा स्त्रीच्या नावाने खेळतो ती व्यक्ती म्हातारी होते, आजारी पडते, मरते. मग तिच्या वारसाच्या देहात आपण प्रवेश करतो आणि कारभार पुढे चालवतो. ज्या दिवशी गादीवर बसायला आपल्या घराण्याचा वारस उरत नाही, त्या दिवशी खेळ संपतो. म्हणजे येथे खेळाडू हा राज्य नव्हे, राजाही नव्हे. तो कुळ आहे. ही एक गोष्ट प्रारंभीच मनात ठसली, तर बाकीचे बहुतेक नियम आपोआप अर्थपूर्ण वाटू लागतात.

मला ती ठसली नव्हती. माझ्या पहिल्या डावात मी तीस वर्षे राज्य केले, एकामागून एक परगणे जिंकले, दोन सुभ्यांचा धनी झालो, आणि आता तिसऱ्याकडे वळावे अशा बेतात असताना राजा अंथरुणाला खिळून मरण पावला. त्याला तीन मुलगे होते. दुसऱ्या क्षणी नकाशावर माझ्या दौलतीच्या जागी दोन दौलती दिसू लागल्या. धाकट्या भावाकडे एक संपूर्ण सुभा स्वतंत्रपणे गेला, त्यापाठच्याकडे उरलेल्यातले काही परगणे गेले, आणि थोरल्याच्या वाट्याला जे उरले ते तीस वर्षांपूर्वी बापाजवळ होते त्याहून फारसे अधिक नव्हते. त्या संध्याकाळी मला खेळ अन्यायी वाटला. पुढे इतिहासाची पाने चाळली तेव्हा कळले, की खेळाने माझ्यावर तोच प्रसंग आणला होता जो त्या काळच्या कित्येक थोर राजांवर आला होता.

म्हणून नवख्याला माझी पहिली विनंती अशी, की फ्रान्स, जर्मनी वा बायझंटाइन साम्राज्य यांच्या वैभवाला न भुलता त्याने १०६६ साल निवडावे आणि आयर्लंड बेटातील मन्स्टरच्या गादीवर बसावे. खेळातला मार्गदर्शक पाठही याच ठिकाणचा आहे. तेथला राजा मुर्खाद हा ब्रायन बोरूचा नातू. १०१४ साली क्लोंटार्फच्या रणांगणावर पडलेला ब्रायन बोरू हा साऱ्या आयर्लंडवर हुकमत मिळवण्याच्या अगदी जवळ पोहोचलेला पुरुष. त्याच्या पश्चात ते स्वप्न घराण्यातील कलहात विरून गेले, आणि मुर्खादचा बाप डोनखाद हा पदच्युत होऊन रोमच्या यात्रेस गेला तो तिकडेच वारला. खेळात मात्र त्याच्या मुलाला आणखी एक संधी मिळते. बेटाभोवती समुद्र असल्याने बलाढ्य शत्रू सहसा लवकर येऊन धडकत नाही, शेजारी सारे तोलामोलाचे आणि आपसात भांडणारे. शिकण्यासाठी याहून सोयीची जागा नाही.

परिभाषेचा थोडा उलगडा येथेच करतो. खेळात सर्वांत खाली बॅरनी, त्यावर काउंटी, त्यावर डची, मग राज्य आणि त्यावर साम्राज्य अशी उतरंड आहे. काउंटीला आपल्या जुन्या कारभारी भाषेतील परगणा आणि डचीला सुभा म्हटले, तर मराठी वाचकाला ही रचना परकी वाटणार नाही. प्रत्येक परगणा हक्काने कोणत्या तरी सुभ्याचा, आणि प्रत्येक सुभा कोणत्या तरी राज्याचा मानलेला असतो, मग प्रत्यक्ष ताबा कोणाचाही असो. हक्क एकाचा आणि ताबा दुसऱ्याचा, ही विसंगतीच बहुतेक युद्धांचे मूळ.

खेळात काळ एकदा चालू केला की आपोआप वाहत राहतो. विचार करायचा असेल तेव्हा तो स्पेसबार दाबून प्रथम थांबवावा. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण नवख्याचे निम्मे नुकसान घड्याळ चालू ठेवून विचार केल्याने होते. थांबलेल्या काळात पडद्यावरील ज्या शब्दाचा अर्थ लागत नसेल त्यावर माऊसचा बाण नेऊन ठेवावा. त्याचा खुलासा उघडतो, त्या खुलाशातील अवघड शब्दावर बाण नेला की त्याचाही खुलासा उघडतो. कोशातून कोशात जावे तसे हे वाचन पहिल्या दिवशी कंटाळवाणे होते खरे. तथापि एखादी संध्याकाळ त्यासाठी खर्च केली, तर पुढचे कित्येक महिने सुखाचे जातात.

मग तीन कामे करावी. राजा अविवाहित असेल तर त्याचा विवाह हे पहिले. पत्नीच्या गुणांचा काही अंश राजाच्या कारभारात मिळवला जातो, म्हणून महसुलाची जाण असलेली स्त्री गरीब मुलखाच्या राजाला एखाद्या सुभ्याइतकी मोलाची. त्याचबरोबर तिचे वय अपत्यप्राप्तीस अनुकूल असावे, आणि तिचा पिता वा भाऊ फौजबंद असेल तर सोयरिकीतून मैत्रीचा तह होतो हेही लक्षात घ्यावे. या तिन्ही गोष्टी एका ठायी क्वचितच सापडतात, आणि त्यांतली कोणती सोडावी हे ठरवण्यातच राजकारणाचा पहिला धडा आहे. दुसरे काम दरबाराचे. परराष्ट्रव्यवहार पाहणारा चॅन्सेलर, महसुलाचा स्टुअर्ड, फौजेचा मार्शल, हेरखात्याचा प्रमुख आणि धर्मगुरू, असे पाच कारभारी नेमलेले असतात. त्यांचे गुण तपासावे, आणि कोणाला कोणत्या कामावर लावले आहे ते पाहावे. तिसरे काम धर्मगुरूकडून करवून घ्यायचे: शेजारच्या एखाद्या परगण्यावर आपला हक्क सिद्ध करणारे कागद त्याने तयार करावे. त्यास वर्षे लागतात आणि पैसा लागतो. मात्र हक्काचा काही आधार असल्यावाचून मुर्खादसारख्या ख्रिस्ती राजाला दुसऱ्या ख्रिस्ती राजावर सहसा चालून जाता येत नाही. ज्या काळात बळाखेरीज काही चालत नव्हते असे आपण समजतो, त्या काळीदेखील बळाला हक्काच्या कागदाची गरज पडत होती, हे खेळाने फार अचूक टिपले आहे.

युद्धाविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण नवख्याचे लक्ष तिकडे आपण होऊन जाते. फौज दोन प्रकारची असते. परगण्यांतून बोलावून आणलेली माणसे संख्येने पुष्कळ, पण लढाईत कच्ची. दुसरी कायमच्या तैनातीतील शिबंदी, जी थोडी असली तरी लढाईचा निकाल बहुधा तीच लावते. या शिबंदीतही कोण कोणाला भारी पडतो याचे गणित आहे: भालाईत घोडदळाला रोखतात, जड पायदळ भालाइतांना मोडते, तिरंदाज हलक्या पायदळाला भारी पडतात आणि हलके घोडदळ तिरंदाजांना. शत्रूकडे काय आहे ते पाहून आपली शिबंदी ठेवावी. फौज उभी राहिली की खजिना गळू लागतो, म्हणून युद्धाचे काम संपताच ती मोकळी करावी. कर्जात गेलेल्या राजाची फौजही लढत नाही आणि मांडलिकही मान देत नाहीत. तह झाला की त्या शत्रूशी पाच वर्षे शांतता पाळायची असते. ती मोडणे शक्य असले, तरी मोडणाऱ्याची अब्रू जाते. ही पाच वर्षे वाया गेली असे नवख्याला वाटते. वस्तुतः परगण्यात शेतीवाडी, बाजार आणि तटबंदी यांवर पैसा लावण्याचा काळ तोच असतो, आणि त्या पैशाचे फळ नातवाला मिळते.

आता मुख्य विषयाकडे वळतो. १०६६ साली युरोपातील अनेक दौलतींत वारसा एकट्या थोरल्याकडे जात नसून मुलांत वाटला जात असे, आणि खेळातही आरंभी हीच पद्धत लागू असते. तिचा परिणाम पाहायचा असेल तर खेळाच्या पहिल्याच दिवशी स्पेनकडे दृष्टी टाकावी. लेओन आणि कास्तील यांचा राजा फर्नांदो पहिला डिसेंबर १०६५ मध्ये वारला होता. त्याने थोरल्या सांचोला कास्तील, मधल्या आल्फोन्सोला लेओन आणि धाकट्या गार्सियाला गालिसिया अशी वाटणी करून दिली होती. खेळ सुरू होतो तेव्हा तिघे भाऊ आपापल्या गादीवर बसलेले असतात, आणि पुढे काय झाले ते इतिहासाला ठाऊक आहे. सांचोने दोघा भावांना हुसकून सर्व राज्य एकवटले; १०७२ साली सामोरा शहराच्या वेढ्यात तो मारला गेला; परागंदा झालेला आल्फोन्सो परत येऊन साऱ्याचा धनी झाला; आणि गार्सिया बंदिवासात पडून १०९० मध्ये तिथेच मेला. १०६६ च्याच सप्टेंबरात फौज जमवून इंग्लंडवर उतरण्याची वाट पाहणारा नॉर्मंडीचा विल्यम, ज्याने त्याच वर्षी ते राज्य जिंकले, त्याच्याही मृत्यूनंतर १०८७ साली नॉर्मंडी थोरल्या रॉबर्टकडे, इंग्लंड त्याच्या पाठच्या विल्यमकडे आणि धाकट्या हेन्रीकडे केवळ रोकड अशी फाळणी झाली. भाऊबंदकी हा शब्द आपला असला, तरी ती वस्तू साऱ्या जगाची होती.

दख्खनचा वाचक याच नकाशावर आपल्या मुलखाकडे वळेल, आणि त्याने अवश्य वळावे. १०६६ साली येथे कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. ती कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. पहिल्या सोमेश्वराने १०६८ साली तुंगभद्रेत देह ठेवला, थोरला मुलगा दुसरा सोमेश्वर गादीवर आला, आणि आठ वर्षांनी धाकट्या विक्रमादित्याने त्याला दूर सारून राज्य घेतले. याच सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत, याच कल्याणीत, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. मुलाचा वडिलोपार्जित मिळकतीतील हिस्सा त्याच्या जन्माबरोबरच उत्पन्न होतो, हा तिचा सिद्धांत पुढे शतकानुशतके महाराष्ट्रासह भारताच्या फार मोठ्या भागात घराघरांतील वाटण्यांचा आधार झाला. ज्या दरबाराचा अधिपती स्वतः भावाला बाजूला सारून गादीवर आलेला, त्याच्याच छायेत दायविभागाचा इतका सूक्ष्म विचार व्हावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. वाटणी हा त्या युगाचा केवळ कायदा नव्हता. एका बापाच्या अनेक मुलांचे काय करायचे, या प्रश्नाशी सारे युग झगडत होते.

खेळात या प्रश्नाला जी उत्तरे आहेत त्यांतले सर्वांत महत्त्वाचे असे: मुलगे दोन वा अधिक असतील आणि जवळ दोन सुभे असतील, तर राजाच्या हयातीतच त्या सुभ्यांवरची राज्यपदवी निर्माण करावी. बापाजवळ सुभ्यांपलीकडे मोठी पदवी नसेल, तर प्रत्येक सुभ्याचा मालक होणारा मुलगा स्वतंत्र होतो. मी पहिल्या डावात गमावले ते यामुळेच. परंतु राजमुकुट असेल तर तो थोरल्याकडे जातो, आणि धाकटे भाऊ सुभे घेऊन त्याचे मांडलिक म्हणून राहतात. मुलूख वाटला जातो, राज्य वाटले जात नाही. आयर्लंडची राज्यपदवी उभी करायला बेटातील निम्म्याहून अधिक परगणे ताब्यात असावे लागतात आणि मोठी रक्कम खर्चावी लागते; म्हणून मुर्खादच्या सगळ्या लढायांचे आणि बचतीचे लक्ष्य एकच असावे, की त्याच्या मरणापूर्वी तो मुकुट घडावा. मुकुट मिळाला, की बेटातील उरलेल्या स्वतंत्र सरदारांना युद्धावाचून आपल्या छत्राखाली येण्याचे निमंत्रण धाडता येते; ज्यांचे मन आपल्याविषयी चांगले असेल ते पुष्कळदा येतातही.

हाच नियम वरच्या पायरीवर उलट फिरतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. एक राज्य असताना दुसऱ्या राज्याचाही बराच मुलूख हाती आला, तर दुसरी राज्यपदवी हौसेने घेऊ नये; ती धाकट्या मुलाकडे जाते आणि तो स्वतंत्र होतो. आणि आरंभीची वाटणीची पद्धत इतकी कडक आहे, की पुरेसा मुलूख जमला तर राजाने न घेतलेली पदवीसुद्धा धाकट्या मुलासाठी त्याच्या मृत्यूबरोबर निर्माण होते. त्यामुळे कोठे थांबावे हे कळणे हे कोठे चालून जावे हे कळण्याइतकेच मोठे कौशल्य ठरते. धाकट्या मुलाला मठात धाडून वारशातून वगळण्याचा मार्गही आहे, आणि त्या काळच्या राजकुळांनी तो खरोखरच अवलंबिला होता. मात्र एखादी साथ वा एखादी लढाई थोरल्याला घेऊन गेली, तर मठातला मुलगा गादीच्या उपयोगी पडत नाही. राजधानीचा परगणा नेहमी मुख्य वारसाकडे जातो, म्हणून बांधकामाचा पैसा प्रथम तिथेच ओतावा. सारा वारसा थोरल्याला देणारी पद्धत खेळात फार उशिरा, मध्ययुगाच्या उत्तरार्धात उपलब्ध होते. तिची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

राजाने स्वतःच्या खास ताब्यात किती परगणे ठेवावे याला त्याच्या कारभारकौशल्यानुसार मर्यादा असते. ती ओलांडली की वसूल घटतो. म्हणून जास्तीचे परगणे सरंजाम म्हणून वाटावे लागतात, आणि तेथून मांडलिकांचा प्रश्न सुरू होतो. जे मांडलिक बलवान असतात त्यांना दरबारात जागा हवी असते. ती नाकारली तर ते रुष्ट होतात, आणि रुष्ट मांडलिक एकत्र येऊन गट करतात. त्या गटाचे एकूण बळ राजाच्या बळाशी तोलू लागले, की एके दिवशी त्यांचा निर्वाणीचा खलिता येतो. नवखा खेळाडू बाहेरच्या शत्रूकडे पाहत असतो आणि दौलत आतून फुटते. त्यावर उपाय तीन: मान, धन आणि धाक. धाकाने काम लवकर होते, पण तो त्या राजाबरोबरच मरतो, मुलाला तो वारशाने मिळत नाही. म्हणून ज्याला नातवाचा विचार करायचा आहे त्याने, कारभारी थोडा कमी कुशल असला तरी चालेल, पण बलवान मांडलिकालाच दरबारात बसवावे, असे माझे मत आहे.

या खेळातील ज्या एका योजनेबद्दल मला विशेष आदर वाटतो, ती स्वभावाची. प्रत्येक पात्राला स्वभाव असतो: कोणी दयाळू, कोणी सूडबुद्धीचा, कोणी लाजाळू, कोणी लोभी. दयाळू राजाकडून बंदिवानाचा शिरच्छेद करवला, तर राज्याला लाभ होईलही, परंतु त्याच्या मनावर ताण साचतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की राजा मद्यपानाकडे वळतो, किंवा दुसऱ्या एखाद्या व्यसनात आधार शोधतो, आणि ताण वाढतच राहिला तर प्राणांवर बेतते. त्यामुळे खेळाडूची हिकमत आणि पात्राची प्रकृती यांत सतत तडजोड करावी लागते. नवख्याने प्रत्येक निर्णयापूर्वी, मला काय हवे, याच्या जोडीने, या माणसाला काय झेपेल, हेही विचारावे. मुलांचे शिक्षणही याच दृष्टीने योजावे. सहाव्या वर्षी शिक्षण सुरू होते आणि सोळाव्या वर्षी पूर्ण होते. त्यासाठी पालक नेमताना त्याची विद्वत्ता पाहावी, तसाच त्याचा स्वभावही पाहावा, कारण त्याची छाप मुलावर पडते. वारसाला वाढवण्याची ही दहा वर्षे लढायांच्या धांदलीत कोणाच्या तरी हवाली करून देणे, ही चूक मी एकाहून अधिक वेळा केली आहे आणि तिचे मोल पुढच्या पिढीने दिले आहे.

आणि मग मुर्खाद मरतो. पडद्यावर शोकाची खूण उमटते, नवे नाव, नवा चेहरा समोर येतो. त्या क्षणी काळ थांबवावा आणि घाई न करता पाहणी करावी. बापाने केलेले मैत्रीचे तह पुष्कळदा त्याच्याबरोबर संपलेले असतात. ते पुन्हा जुळवायला हाताशी कोणाची लग्ने आहेत ते पाहावे. नव्या राजाला कोणी पुरते ओळखत नसते, म्हणून मांडलिकांचे मत खाली गेलेले असते. गट किती झाले, त्यांचे बळ किती, हे तपासून त्यांतल्या सर्वांत मोठ्या असामीला दरबारात जागा, देणगी वा सोयरीक देऊन वेगळे काढावे. खजिन्यात एवढी शिल्लक असावी की शिबंदीचा खर्च दोन वर्षे चालेल. ती बापाने मुद्दाम राखून ठेवलेली असली पाहिजे, म्हणजे त्याच्या अखेरच्या दिवसांतील एखादी मोहीम सोडून दिलेली असली पाहिजे. भावांचे सुभे कोणते, त्यांवर आपला हक्क शिल्लक आहे काय, आणि तो बजावायचा की ते तसेच राहू द्यायचे, याचा निर्णय मात्र त्या दिवशी करू नये. नव्या राजाला मुलगा आहे काय, हे आधी पाहावे. नसेल तर फौजेचे काम बाजूला ठेवून विवाहाची यादी उघडावी, आणि असेल तर त्याचे वय किती, त्याला शिकवायला कोण आहे, एवढे पाहून मग स्पेसबार दाबावा.